तीन ओळींचं पत्र, चार वर्षांचे डबे

पत्राचा सारांश: ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या एका बाईंचं पत्र आहे. वय ५९, अनुदानित शाळेच्या कार्यालयातून गेल्या वर्षी निवृत्त. यजमान ६४ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्य काढलेले. राहता फ्लॅट स्वतःचा, मुलगी डोंबिवलीला दिलेली, नात चार वर्षांची. नणंदेचा मुलगा इंजिनिअरिंगची चार वर्षं यांच्याच घरी राहून शिकला. तो आता जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी करतो. येत्या मे महिन्यात दोघांनी त्याच्याकडे दहा दिवस राहायचं आणि पुढे आठवडाभर स्वित्झर्लंड बघायचं ठरवलं. त्यासाठी भाच्याकडे आमंत्रणपत्र मागितलं. आधी तो "हो मामी, बघतो" म्हणाला, मग दोन महिने गप्प राहिला, आणि शेवटी म्हणाला, "त्यापेक्षा सगळे दिवस हॉटेलचं बुकिंग दाखवा, व्हिसा आला की कॅन्सल करा आणि सरळ घरी या." बाई लिहितात, "तीन ओळींचं तर पत्र मागितलं होतं. चार वर्षं सकाळी सहाला उठून मी त्याचा डबा केला. त्याला एक सही जड झाली?" दरम्यान स्टेशनजवळच्या एका एजंटने तिथल्या कुठल्याशा कुटुंबाच्या नावाने पत्र आणून देण्याची तयारी दाखवली आहे, दोघांचे मिळून बारा हजार. यजमान म्हणतात, राहू दे, केरळला जाऊ. बाईंचे प्रश्न दोन: एजंटचं पत्र घ्यावं का? आणि नणंदेच्या कानावर हे घालावं का?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही भाच्याचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दापाशी अडखळले, ‘आमंत्रणपत्र’. तुम्ही तो शब्द उच्चारलात तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर काय होतं आणि तिकडे त्याच्या कानावर काय पडलं, हे दोन्ही एकच होतं का, याची मला शंका आहे.

आपल्याकडे आमंत्रण यजमानाने द्यायचं असतं. दारात येऊन, हळदकुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून. बोलावणं मागून घेणं हे आपल्या अंगातच नाही. लग्नाची पत्रिका पोस्टाने आली तरी "घरी येऊन बोलावलं नाही" म्हणून न जाणारी माणसं तुमच्याही नात्यात असतील. आणि व्हिसाच्या व्यवहारात नेमकं उलटं करावं लागतं: पाहुण्यानेच यजमानाला सांगायचं, मला बोलाव आणि तसं लिहून दे. तुम्हाला ते मागतानाच अवघड वाटलं असणार. त्यावर त्याने का-कू केली, म्हणजे मागितलंही आणि मिळालंही नाही. राग डब्यापर्यंत का पोचला ते मला कळतं.

पण आता जर्मनीची बाजू ऐका. तिथे घरी राहायला येणाऱ्या पाहुण्यासाठी यजमान दोन वेगवेगळे कागद देऊ शकतो, आणि आपण दोन्हींना सरसकट आमंत्रणपत्रच म्हणतो.

पहिला कागद साधा. ‘माझे मामा-मामी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत माझ्याकडे राहतील’ असं लिहून खाली सही. तुमच्या मनात होता तो हा.

दुसऱ्याचं नाव फेअरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग. (कवळी असेल त्यांनी मोठ्याने वाचू नये.) मराठीत हमीपत्र म्हणू. ते घरी बसून लिहिता येत नाही. यजमानाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात स्वतः जायचं, पगाराच्या चिठ्ठ्या आणि घराचे कागद दाखवायचे, २९ युरो शुल्क भरायचं, आणि अधिकाऱ्यासमोर सही करायची. सही कशावर? पाहुण्याच्या राहण्याजेवणाचा, आजारपणाचा आणि तशीच वेळ आली तर त्याला परत पाठवण्याचाही खर्च माझ्याकडून वसूल करावा, यावर. हे जर्मनीच्या निवास कायद्याच्या ६६ ते ६८ या कलमांखाली येतं. सरकारने पाहुण्यावर पैसा खर्च केला तर ते तो या माणसाकडून कायद्याने मागू शकतं.

आता तुमच्या यजमानांचं वय ६४. तुम्ही पत्रात ओघात लिहून गेला आहात की त्यांना रक्तदाब आहे आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत. शेंगेन व्हिसासाठी (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी) किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतोच. पण आपल्याकडच्या कितीतरी पॉलिसींमध्ये आधीपासून असलेल्या आजारामुळे उद्भवलेला खर्च एकतर वगळलेला असतो नाहीतर त्याला फार कमी मर्यादा असते. समजा तिथे छातीत दुखलं, आणि विमा कंपनी म्हणाली की हे जुन्या रक्तदाबामुळे, तर उरलेलं बिल कोणाच्या दारात जाईल? हमीपत्रावर ज्याची सही आहे त्याच्या. भाच्याने हे कोणाकडून ऐकलं असेल, तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटात वाचलं असेल, तर तो चपापणारच. आणि हे मामीला फोनवर कुठल्या तोंडाने सांगणार? "मामा आजारी पडले तर पैसे मला भरावे लागतील, म्हणून पत्र देत नाही" हे वाक्य उच्चारून बघा. कुणालाही जमणार नाही. मग माणूस दोन महिने गप्प बसतो आणि शेवटी हॉटेलची पळवाट सुचवतो.

दुसरीही एक शक्यता आहे, ती हलक्या हाताने लिहिते. हमीपत्राला पगार लागतो, नोकरी शाबूत लागते. श्टुटगार्ट म्हणजे मोटारींचं गाव, मर्सिडीज आणि पोर्शेचं. तिथल्या मोटार उद्योगातून अलीकडे नोकरकपातीच्या बातम्या आल्या आहेत. त्याची नोकरी गेलीय असं मी म्हणत नाही. पण परदेशातल्या मुलाच्या घरी सगळं आलबेल असणारच, ही आपली समजूत असते, आणि तिला धक्का लागू नये म्हणून ती मुलं बरंच काही लपवतात. तुम्ही चार वर्षं ज्याला डबा दिलात, तो डबा न खाता परत आणायचा त्या दिवशी तुम्हाला न विचारता कळायचं ना, की कॉलेजात काहीतरी बिनसलंय? दोन महिन्यांचं गप्प राहणंही त्याच जातीचं असू शकतं.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीताकडे येते, कारण ते तुमच्या एकटीचं नाही. मला येणाऱ्या अशा प्रत्येक पत्रात ते असतं: तिकडून पत्र आलं की व्हिसा मिळाला.

असं नसतं. तुमची फाइल उघडणारा अधिकारी ढोबळमानाने तीन गोष्टी बघतो. कशासाठी चाललात, पैसे कुठून येणार, आणि परत याल का. भाच्याचं पत्र पहिल्याचं उत्तर देतं. हमीपत्र दुसऱ्याचंही देतं. तिसऱ्याचं उत्तर जर्मनीतला कोणीही देऊ शकत नाही, ते पाचपाखाडीतूनच जायला हवं. तुमचं पेन्शन, यजमानांच्या मुदत ठेवी, फ्लॅटचे कागद, डोंबिवलीची लेक आणि नात, सतरा दिवसांनंतरचं परतीचं तिकीट. ताई, फाइलचा हा भाग तुमचा भरभक्कम आहे, आणि पत्रात तुम्ही त्याला जेमतेम दीड ओळ दिलीत!

अमेरिकेचा परराष्ट्र विभाग तर पर्यटक व्हिसासाठी आमंत्रणपत्राची गरजच नाही असं स्पष्ट सांगतो. तिथल्या नातेवाइकाच्या आश्वासनावर नाही, स्वतःच्या देशातल्या स्वतःच्या पायांवर तुम्ही पात्र ठरायचं. तरीही बीकेसीच्या कॉन्सुलेटसमोरच्या रांगेत दर दुसऱ्या माणसाच्या फोल्डरमध्ये पुतण्याचं पत्र असतं. कॅनडा पत्र मागतं, त्यात काय काय असावं हेही सांगतं, पण ते पत्र लिहिणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक नसतं. खरं लिहावं आणि दिलेला शब्द पाळायचा इरादा असावा एवढीच अपेक्षा. (कॅनडातल्या मुलाकडे किंवा नातवाकडे लांब मुदतीसाठी जाणाऱ्यांचा ‘सुपर व्हिसा’ वेगळा. त्यात यजमानाचं उत्पन्न आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा बघतात, पण तो फक्त आईवडील आणि आजीआजोबांसाठी आहे, मामामामींसाठी नाही.) फ्रान्समध्ये घरी राहणार असाल तर यजमानाला आपल्या नगरपालिकेत जाऊन ‘आतेस्तास्यों दाक्कय’ नावाचा दाखला काढावा लागतो. म्हणजे लेकीने कॅनडातून पाठवलेल्या पत्राचा नमुना शेजारणीने फ्रान्सच्या फायलीत लावून उपयोग नाही. नमुने फिरवण्याची आपल्या सोसायट्यांमध्ये मोठी हौस असते, म्हणून सांगितलं.

तर मग तुम्ही काय करावं? माझ्या मते दुसरा कागद मागूच नका, पहिला मागा. खर्च तुमचा तुम्ही करणार आहात, तेवढी ऐपत आहे. शेंगेनच्या अर्जात विचारलेलंच असतं की प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च अर्जदार स्वतः करणार की दुसरा कोणी. तिथे ‘स्वतः’ लिहा आणि त्याला शोभतील असे कागद जोडा. मग भाच्याच्या पत्राला फक्त ‘हे माझे पाहुणे, माझ्या घरी राहतील’ एवढंच सांगायचं उरतं. त्यातून त्याच्या गळ्यात कुठलीही हमी पडत नाही. मला वाटतं, हे तुम्ही त्याला नीट सांगितलंत तर अर्धं कोडं तिथेच सुटेल.

फोन करू नका, निदान पहिल्यांदा नको. फोनवर तुमचा आवाज कापेल आणि तो घाईघाईने "हो हो मामी" म्हणेल, की आपण पुन्हा पहिल्या दिवसावर. असं काही लिहून पाठवा:

‘अरे, आमंत्रणपत्राचं मी तुला अर्धवट सांगितलं होतं. आम्हाला तुझं हमीपत्र नकोय, तिथल्या ऑफिसातही जायला नको. खर्च आणि विमा आमचा आम्ही करतोय. आम्ही दहा दिवस तुझ्याकडे राहणार, एवढंच लिहिलेलं साधं पत्र हवंय. आणि सध्या तुमच्याकडे पाहुणे येणंच अडचणीचं असेल तर तेही मोकळेपणी सांग. आम्ही दहा दिवस हॉटेलात राहू आणि तुला भेटून जाऊ, राग धरणार नाही. बाकी तू बरा आहेस ना?’

शेवटचं वाक्य गाळू नका. आणि त्याआधीचं वाक्य लिहिताना ते खरं असेल याची काळजी घ्या. राग धरणार असाल तर लिहू नका. त्याच्या घरात त्याची बायकोही आहे. दोन खोल्यांच्या घरात दहा दिवस पाहुणे, दोघं नोकरीवर जाणारे. तिला कोणी विचारलंय का, हे तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.

तो पत्र द्यायला तयार झाला तर ते कसं असावं? कागदभर मायेचा मजकूर नको. त्याचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, पत्ता, फोन, तिथल्या निवास परवान्याची प्रत. तुमची दोघांची पासपोर्टप्रमाणे नावं, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक. कधी येणार, किती रात्री त्याच्या पत्त्यावर, कुठल्या तारखेला स्वित्झर्लंडला निघणार. खर्च अर्जदार स्वतः करतील, हे एक वाक्य. इंग्रजी किंवा जर्मन, एक पान, हाताने सही.

आणि नातं. इथे आपली मराठी कुटुंबं हमखास अडकतात. तुमचं आडनाव एक, भाच्याचं दुसरं. त्याच्या आईचं, म्हणजे तुमच्या नणंदेचं, माहेरचं आडनाव तुमच्यासारखं, पण तिच्या पासपोर्टवर सासरचं. त्यातून त्या पिढीतल्या बायकांची लग्नात पहिली नावंसुद्धा बदलत. म्हणजे मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव आणि तिच्या शाळेच्या दाखल्यावर भलतंच. जर्मन अधिकाऱ्याने यात मामा-भाचा कसा शोधावा? मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनीनगरी आहेत, पण ते नातं फायलीत चालत नाही. पत्रातच सरळ लिहा: ‘माझी आई, लग्नापूर्वीचं नाव अमुक, ही श्री. अमुक यांची सख्खी बहीण.’ त्याच्या जन्मदाखल्याची प्रत आणि भावाबहिणीच्या वडिलांचं नाव दिसेल असा दोघांचा एकेक दाखला जोडता आला तर उत्तमच.

आता भाच्याने सुचवलेल्या युक्तीबद्दल. इथे मी त्याची बाजू घेणार नाही. राहायचं घरी आणि दाखवायचं हॉटेल, हे ‘सगळेच करतात’ या सदरातलं असलं तरी अर्जात खोटं लिहिणंच आहे. अर्जावर सही तुमची असते, त्याची नाही. फ्रँकफुर्टला उतरल्यावर सीमेवरचा पोलीस "कुठे राहणार?" असं विचारू शकतो, बुकिंग बघू शकतो. यजमानांचा स्वभाव तुम्ही लिहिलाय त्यावरून ते तिथे अर्ध्या मिनिटात खरं सांगून मोकळे होतील, आणि फायलीत वेगळंच लिहिलेलं असेल. व्हिसा मिळाल्यावरही रद्द होऊ शकतो. खरोखरच सगळे दिवस हॉटेलात राहणार असाल तर हॉटेलची बुकिंग दाखवा, तो अगदी सरळ मार्ग आहे, आणि त्याला आमंत्रणपत्र लागतच नाही. काही रात्री भाच्याकडे, काही हॉटेलात असं असेल तर तसंच दाखवा. स्वित्झर्लंडच्या रात्रींसाठी तुम्हाला हॉटेलं दाखवायचीच आहेत.

एक सांगून ठेवते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, तेव्हा एकाच व्हिसावर दोन्ही देश होतात. अर्ज मात्र जास्त दिवस जिथे राहणार त्या देशाकडे करायचा. तुमच्या दहा आणि सात दिवसांच्या हिशोबात तो जर्मनीकडे. उद्या कोणी टूरवाल्याने मोह पाडला आणि स्वित्झर्लंडचे अकरा दिवस झाले, तर सगळी फाइल स्विस वकिलातीची होते. म्हणून आधी दिवस ठरवा, मग कागद.

एजंटचं पत्र. माझं उत्तर तुम्हाला अपेक्षित आहेच, तरी कारण सांगते, कारण ‘पाप लागतं’ एवढ्याने कोणी थांबत नाही. त्या पत्रावर नाव असलेल्या कुटुंबाला वकिलातीतून फोन गेला तर ते तुम्हाला ओळखणार नाहीत. कदाचित ते कुटुंबच नसेल. खोटा कागद म्हणून अर्ज फेटाळला की ती नोंद शेंगेनच्या सामाईक व्हिसा प्रणालीत जाते आणि पाच वर्षांपर्यंत राहते. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, कोणाकडेही गेलात तरी त्यांना ती दिसते. पूर्वी जर्मन व्हिसा नाकारला तर वकिलातीकडेच फेरविचाराची विनंती करता यायची. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ती सोय जगभर बंद केली. आता नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जा. कॅनडात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं दार बंद, ब्रिटनमध्ये फसवणूक ठरली तर दहा. एजंटला यातलं काहीच भोगावं लागत नाही. बारा हजार त्याच्या खिशात, नोंद तुमच्या पासपोर्टावर.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहिली आहे: एजंट म्हणाला, खात्यात पंधरा दिवस पाच लाख फिरवून देतो. यालाही नाही म्हणा. पेन्शनखात्यात महिनोन्महिने पस्तीस-चाळीस हजारांची ये-जा आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक पाच लाख, हे आपल्या सोसायटीच्या खजिनदारालाही खटकेल, तर वकिलातीला का नाही? तुमच्या ठेवीच्या पावत्या, पेन्शनचा आदेश, विवरणपत्रं भरत असाल तर ती, तीन ते सहा महिन्यांचे खात्याचे उतारे, हे जसे आहेत तसे पुरे आहेत. लेकीने विमानाची तिकिटं काढून दिली असतील तर तिचं तसं पत्र जोडा. लपवायचं कशाला?

सगळेच एजंट असे नसतात हेही लिहायला हवं. अर्ज भरून देणारे, कागद क्रमाने लावून देणारे, अपॉइंटमेंट शोधून देणारे आहेत, आणि संगणकाची भीती वाटत असेल तर त्यांना पैसे देण्यात काही चूक नाही. पण जो तुमचे कागद लावतो तो एजंट, आणि जो तुमच्यासाठी कागद ‘तयार करतो’ त्याच्या दुकानाची पायरी उतरा. अर्जावर सही करण्यापूर्वी प्रत्येक रकाना वाचून घ्या. ठाण्यातल्याच एका परिचित काकांच्या अर्जात एजंटने ‘व्यवसाय’ या रकान्यात उद्योजक लिहून ठेवलं होतं. काका बेस्टमधून निवृत्त. बोटांचे ठसे देताना काउंटरवरच्या मुलीने सहज विचारलं, "सर, बिझनेस कसला?" काका म्हणाले, "बिझनेस? रोज सकाळी मासुंदा तलावाला दोन फेऱ्या."

वेळेचं म्हणाल तर मेसाठी अजून उशीर झालेला नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो जायला हवा. निकालाला साधारण पंधरा दिवस, पण काही वेळा पंचेचाळीसपर्यंत लागतात. त्यात उन्हाळी सुट्टीची गर्दी असते, म्हणून अपॉइंटमेंट फेब्रुवारी-मार्चमधली मिळवा. शुल्क जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे, वर अर्ज केंद्राचे पैसे, आणि नकार आला तरी परत मिळत नाही. तेव्हा विमानाचं तिकीट रद्द करता येईल असंच काढा. पासपोर्टही आजच कपाटातून काढून बघा: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दहा वर्षांच्या आतला हवा, दोन पानं कोरी हवीत. यजमानांचा जुना असेल तर पहिली फेरी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात, म्हणजे त्यांना जुन्या कारखान्याच्या रस्त्यानेच जावं लागेल. विमा घेताना जुन्या आजारांबद्दलचं कलम कोणाकडून तरी समजावून घ्या. थोडा जास्त हप्ता भरून ते आजार धरणारी पॉलिसी मिळत असेल तर तीच घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही.

आता नणंदबाई. अजून सांगू नका, असं मला वाटतं. त्यांच्या कानावर घातलंत तर त्या मुलाला झापतील, मुलगा दोन दिवसांत पत्र पाठवेल, आणि ते पत्र हातात घेताना तुम्हाला काय वाटेल याचा विचार करा. शिवाय त्याने तुम्हाला सांगितलं नाही असं काही त्याच्या घरात चालू असेल तर कदाचित आईलाही सांगितलेलं नसेल. ते तुमच्या तक्रारीतून फुटू नये.

डब्याचं मात्र मला तुम्हाला विचारायचंच आहे. त्या चार वर्षांत तुम्ही कधी ‘हा पुढे आपल्याला उपयोगी पडेल’ म्हणून पोळ्या लाटल्या होत्या का? मला नाही वाटत. तेव्हा तुम्ही मागेपुढे न बघता केलंत, म्हणूनच आज तुम्हाला इतकं लागलंय. पण त्या डब्यांचा हिशोब आज वकिलातीच्या कागदावर मांडला तर त्याला कायमचं वाटत राहील की ते डबे उधारीवर होते. तो उपकार विसरला असेल असंही मला वाटत नाही. हॉटेलची युक्ती चुकीची होती, पण तिच्या शेवटी "सरळ घरी या" हे शब्द होते. टाळायचंच असतं तर त्याने "मेमध्ये आम्ही इथे नाही" म्हटलं असतं, आणि तुम्हाला कळलंही नसतं.

समजा त्याने याही वेळी टाळलं, तरी सहल सोडू नका. सतरा दिवसांचं हॉटेल परवडत नसेल तर दिवस कमी करा, पर्यटक म्हणून अर्ज करा, आणि एक संध्याकाळ त्याला जेवायला बोलवा, श्टुटगार्टच्या एखाद्या उपाहारगृहात, तुमच्या पैशाने. केरळ पावसाळ्यानंतर जास्त छान दिसतं, यजमानांना तेव्हा घेऊन जा.

आणि घरी जायचं ठरलंच, तर सामान भरताना एक ध्यानात ठेवा. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी आणि तुपातले लाडू बाद. मे महिना आहे म्हणून पेटीभर हापूस न्यायचा मोह होईल, पण ताज्या आंब्याला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, तोही बाद. भाजणी, मेतकूट, तेलात तळलेल्या चकल्या चालतात. डबाबंद आमरसही चालतो, फक्त तो मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत ठेवलात तर सहार विमानतळावरच काढून घेतील.